दुधाचा पेड

त्या वर्षी कुजवणीच्या खड्ड्यातलं पाणी घोट्याखाली गेलं आणि आमच्या आळीतले सगळे दोरवाले निम्मे रिकामे झाले. घायपाताची पानं आठ-दहा दिवस पाण्यात बुडून राहिली तरच त्यांचा गर सुटतो आणि आतला वाख हाताला लागतो. पाणी नसलं की पान वरून सुकतं, आतून हिरवंच राहतं आणि बडवायला घेतलं की धागा तुटक निघतो. असल्या वाखाचा दोर पहिल्याच ओढीला मान टाकतो. तरी आम्ही वळत होतो, कारण हात रिकामे राहिले की आमच्या आळीत माणूस दुसऱ्याच्या घरात डोकावायला लागतो.

आमच्या घरात माणसं तीन. मी, बायको आणि मुलगी. मुलीला सगळी आळी वाखी म्हणते, कारण तान्ही असताना तिचे केस वाखासारखे पिवळट आणि ताठ होते. आता ती एकोणीस वर्षांची आहे, केस काळे झाले, नाव राहिलं. दोर वळायलाही माणसं तीनच लागतात. एकाने चाकाची मूठ फिरवायची. दुसऱ्याने कमरेला वाखाचा भारा बांधून, बोटांतून थोडा थोडा वाख सोडत, चाकापासून उलटं चालत जायचं. असे तीन पेड झाले की ते एकत्र वळताना तिसऱ्याने मधे तीन खाचांचा लाकडी गोळा धरायचा, म्हणजे पेड एकमेकांत गुंतत नाहीत. चाकावर बायको, गोळ्यावर वाखी आणि उलटा चालणारा मी. तीस वर्षं पोटासाठी मागे मागे चालत आलोय. टाचेला डोळे नसतात, त्यामुळे दोनदा नाल्यात पडलोय आणि एकदा शेजारच्या तात्याच्या बकरीवर.

त्याच दिवसांत शाळेच्या पडवीत रक्त घेणारी मंडळी आली. मंडळी म्हणजे एक डॉक्टरीणबाई, तिची थंड पेटी आणि आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाई. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, पण बोलताना घाई करत नव्हती. तिने आळीला सांगितलं ते असं. माणसाच्या रक्तात एक लिखावट असते. कुठेतरी लांबच्या शहरात ती वाचून तिचा नमुन्याचा नकाशा केलेला आहे आणि आता कुणाचंही रक्त तपासलं की डॉक्टर लोक ते त्या नकाशाशेजारी धरून बघतात. पण नकाशा काढला मोजक्याच माणसांवरून. आमच्यासारख्यांची वळणं त्यात आलीच नाहीत. त्यामुळे आमच्यातल्या कुणाच्या रक्तात एखादं अक्षर वेगळं दिसलं, तर तो आजार आहे की आमच्याकडची ती रीतच आहे, हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून आता ठिकठिकाणची माणसं घेऊन नवा नकाशा करायचं चाललंय.

शेजारच्या तात्याने तेव्हा खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तात्याची नात सहा वर्षांची, चालता चालता तिचे पाय खचतात. मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं होतं. कागदावर शेवटी लिहिलं होतं की बदल आढळला, त्याचा अर्थ माहीत नाही. दीड वर्षं तात्या तो कागद भेटेल त्याला दाखवत होता.

"म्हणजे आम्ही नकाशाच्या बाहेरचे," तात्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पत्ता सांगावा तसं तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईने मान खाली घातली आणि हो म्हणाली. मग तिने सांगितलं की तिला अशी घरं हवीत जिथे आई, बाप आणि जाणतं मूल, तिघंही रक्त देतील. मुलाच्या रक्तात एक पेड आईचा असतो आणि एक बापाचा. नुसतं मुलाचं बघितलं तर कुठला कुणाचा ते नीट लागत नाही. आईबाप शेजारी असले की सुटं करता येतं. बाकीची आळी एकमेकांकडे बघत होती, पण मला हे चटकन कळलं. वळलेला दोर उलगडायचा असेल तर कुठला पेड कुठल्या वाखाचा ते माहीत असावं लागतं. कळलं आणि माझ्या पाचावर धारण बसली.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही पानं तोडायच्या हंगामाला वर टेकडीवरच्या तळावर राहत होतो. तिथेच बायको बाळंत झाली. मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला. दूध उतरून तिचे कपडे भिजत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवसांनी मी एक तान्ही मुलगी घेऊन आलो. सांगितलं की लांबचा एक चुलतभाऊ होता, तो वारला, त्याची बायकोही हिला जन्म देताना गेली. तळावरच्या म्हाताऱ्या सुईणीने मूल बायकोच्या छातीशी दिलं आणि म्हणाली, दूध म्हणजे रक्तच, फक्त रंग पांढरा. हिला पाज, वर्षभरात हिच्या अंगात तुझंच रक्त होईल. हंगाम संपला तसे आम्ही तिघं खाली आलो. आळीने बायकोला पोटुशी जाताना बघितलं होतं आणि मूल घेऊन येताना बघितलं. कुणाला काही विचारायचं कारणच पडलं नाही. सुईण पुढे मेली.

चुलतभाऊ कुणी नव्हता. मूल माझं होतं. दर हंगामाला पानं तोडायला येणाऱ्या टोळीतली एक बाई होती. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी मूल माझ्या हातात देऊन ती टोळीबरोबर निघून गेली. तिचं गाव कुठलं, हे मी कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती एकोणीस वर्षं झाकून ठेवली आणि हळूहळू मला वाटायला लागलं की मुठीत काही नाहीच.

पडवीत मी काही बोलायच्या आत बायको उठून उभी राहिली. एरवी चारचौघांत तिचा आवाज फुटत नाही. त्या दिवशी ती मोठ्याने म्हणाली, "आमचं घर घ्या. आम्ही बरोबर तीन आहोत." तात्या तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने कागद पुन्हा नीट गुंडाळला. यानंतर मी नको म्हटलं असतं तर आळीने मला दगड मारले असते. ते तरी बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नर्सबाई कागद भरायला बसल्या. दुपारपर्यंत नावं लिहून त्यांचा हात दुखत होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मुलगी सख्खी का?"

"सख्खी म्हणजे?" बायको म्हणाली. "दोन वर्षं माझं दूध प्यालीये."

नर्सबाई हसल्या आणि त्यांनी सख्खी लिहिलं. बायको खोटं बोलत नव्हती. सुईणीने सांगितलेलं ती खरं मानत होती आणि एकोणीस वर्षांत ते खोटं आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, मी धरून. मी शेजारच्या बाकावर बसून अंगठ्याच्या नखातला वाख काढत होतो.

रक्त घेताना बायकोची आणि वाखीची शीर लगेच सापडली. माझी सापडेना. घायपाताच्या रसाने माझे हात कोपरापर्यंत खरबरीत झालेत, कातडीखाली काही दिसत नाही. नर्सबाईंनी तीनदा टोचलं. बाबांचं रक्त लाजतंय, असं वाखी म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो.

तीन महिने गेले. बायकोची मान त्या तीन महिन्यांत ताठ होती. आळीतल्या बायका तिला नकाशातली बाई म्हणून चिडवायच्या आणि तिला ते आवडायचं. पाण्याची रांग असली की तात्याची सून तिची घागर पुढे घ्यायची. खड्डा आणखी खोल करायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून कंबरेइतकं खणलं, तेव्हा कुठे गुडघाभर गढूळ पाणी लागलं. बायको टोपल्या वाहताना तात्याच्या नातीला सांगायची, थांब थोडी, तुझ्या कागदाचा अर्थ येतोय. हे ऐकलं की मी कुदळ जोरात मारायचो. चोराच्या मनात चांदणं. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मला वाटायचं, आली डॉक्टरीण.

ती आली ती सकाळी. आळीला भेटून झाल्यावर आमच्या घरी आली आणि म्हणाली, मुलगी नसताना आधी तुमच्याशी बोलते. वाखी खड्ड्यावर पानं उलटायला गेली होती. डॉक्टरीणबाई खाटेवर बसली. बायकोने तिला पाणी दिलं आणि पदराने खाटेची कड पुसली, ती आधीच पुसलेली होती.

डॉक्टरीणबाई फार जपून बोलली. तुमचा तिघांचा संच म्हणून वापर करता येत नाही. असं पुष्कळ घरांत होतं. यात कुणाचं काही चुकलेलं नाही आणि संच का जुळत नाही हे आम्ही कुणाला सांगत नाही, तसा नियम आहे. तुमची इच्छा असेल तर प्रत्येकाचा नमुना एकेकट्याचा म्हणून ठेवू, त्याचाही उपयोग आहे. मात्र जुना कागद बाद होईल, नवा कागद आणि नवं रक्त लागेल. नको असेल तर सगळं काढून टाकू. मी चार दिवस शाळेत आहे, सावकाश ठरवा.

मी हो हो करत होतो. म्हटलं, सुटलो. तेवढ्यात बायको खाली जमिनीवर बसली.

"बाई, मी तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "ती माझ्या पोटची नाही. यांच्या मयत चुलतभावाची आहे. मला वाटलं होतं, दूध पाजलं की होतं रक्त आपलं. माझीही ती नाही अन् यांचीही नाही. मग जुळणार कसं?"

डॉक्टरीणबाईच्या हातातला पेला तोंडापाशी थांबला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं कळलेलं होतं. मग तिने पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे परत बघितलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. आमच्या घराची जमीन शेणामातीची, चांगली चोपलेली, ती काही हलली नाही.

"माझं दूध लागलंच नाही तिला," बायको म्हणाली.

"लागलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तिची हाडं त्याचीच आहेत. फक्त ते या तपासणीत दिसत नाही."

ती गेल्यावर बायको बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. चूल पेटलेली नव्हती. मी म्हटलं, जाऊ दे, नियम असतात त्यांचे. तिने ऐकलं नाही. तिला लाज वाटत होती. शिकलेल्या माणसांचं काम आपण नासवलं, तात्याच्या नातीचं नासवलं, चारचौघांत उभं राहून मोठ्या तोंडाने बोललो. संध्याकाळी ती तात्याकडे गेली आणि नुसतं एवढंच सांगून आली की आमच्या घराचं जमलं नाही. तात्या म्हणाला, असू दे वहिनी, दुसरं घर मिळेल. पाण्याच्या रांगेत ती सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिची लाज खरी तर माझी होती. ती माझ्या अंगावरून काढून तिने घातली होती आणि मी गप्प बसून तिला ती नीट बसू दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उठवलं. हातात शिदोरी होती. ती म्हणाली, मी रात्रभर विचार केला. तुमच्या चुलतभावाचं, नाहीतर त्याच्या बायकोच्या माहेरचं कुणीतरी असेलच. त्यांना शोधून आणा. पोरीचं या जगात कुणीतरी सख्खं असू दे. उद्या आपण मेल्यावर ती कुणाला आपलं म्हणणार? आणि ते आले, रक्त दिलं, तर बाईंचंही काम होईल.

"एवढ्या वर्षांनी कुठे शोधू?" मी म्हटलं.

"जाऊन तरी या. माझ्यासाठी जा."

मी गेलो. आळीतून निघालो तेव्हा ती दारात उभी होती, म्हणून मोठ्या रस्त्याला लागलो. ती दिसेनाशी झाल्यावर रस्ता सोडला आणि टेकडी चढलो. तळावर आता कुणी जात नाही. दगडाच्या खोलीचं छप्पर पडलंय. मागे घायपाताचं कुंपण आहे, त्याच्या बुडाशी मी मुलाला पुरलं होतं. मला जागा सापडली नाही. घायपात एकदा फुलला की वाळून मरतो आणि बाजूने नवे फुटतात. एकोणीस वर्षांत सगळं कुंपण जागचं हललं होतं. मी सावलीत बसून राहिलो. दुपारी भूक लागली. याचीही लाज वाटली, पण शिदोरी सोडून खाल्ली, शेवटच्या कणापर्यंत.

उन्हं कलल्यावर उतरलो. आळीच्या अलीकडे ओढ्याचं कोरडं पात्र आहे, तिथे माझी नजर पायांकडे गेली. दिवसभर सावलीत बसलेल्या माणसाचे पाय होते ते. मी खाली वाकलो, मूठभर तांबडी धूळ घेतली आणि दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत फासली. थोडी मानेला लावली. मग पाय ओढत घरी आलो.

कुणी सापडलं नाही, म्हणालो. तिने जास्त विचारलं नाही. मला खाटेवर बसवलं. वाखीने त्या गढूळ खड्ड्याच्या वरच्या झऱ्यावर दोन तास रांग लावून एक कळशी आणली होती. त्यातलं अर्धं पाणी बायकोने कोमट केलं, परातीत ओतलं आणि माझे पाय त्यात ठेवून चोळायला लागली. एवढ्या उन्हात मी तुम्हाला पाठवलं, म्हणाली. माझ्या चुकीपायी तुमचे पाय भाजले. परातीतलं पाणी लाल झालं. वाखी दुसऱ्या बाजूने मला वारा घालत होती. मला दम लागल्यासारखं झालं, तर त्या दोघी आणखी घाबरल्या.

सकाळी आम्ही दोर वळायच्या पट्टीवर गेलो. वाखी खड्ड्यावर होती, पेड वळायला दोघं पुरतात. बायकोने मूठ धरली, मी चाकाच्या आकड्याला वाख अडकवला आणि मागे चालायला लागलो. चाळीस पावलांवर गेल्यावर मी हळूच म्हणालो, चुलतभाऊ नव्हताच. चाकाच्या करकरीत तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि गेलं नाही. तिने हाताने खूण करून विचारलं, धागा तुटला का? मी मान हलवली. पहिला पेड संपवला. दुसरा अडकवला, आणि या वेळी चार पावलांवरच थांबलो.

"चुलतभाऊ नव्हताच," मी म्हणालो. "वाखी माझी आहे."

चाक फिरत होतं. मी चालत नव्हतो, त्यामुळे पीळ सगळा त्या चार पावलांतच बसायला लागला. मी सांगत गेलो. टोळीतली बाई, तळ, चौथा दिवस. सांगायला फार वेळ लागला नाही. एकोणीस वर्षांची गोष्ट एवढी छोटी असेल, असं मला वाटलं नव्हतं. धाग्याला गाठी पडायला लागल्या, त्या माझ्या बोटांना काचायला लागल्या. बायको मूठ फिरवतच होती.

"माझा मुलगा तेव्हा पोटात होता?" तिने विचारलं.

"हो."

"काल कुठे गेला होतात?"

"वर. तळावर बसलो होतो."

ती थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. "आणि धूळ?"

मी सांगितलं. तिने मूठ सोडून दिली. बसलेला पीळ एकदम उलटा सुटला, चाक उलटं गरगरलं आणि पेडाचा परत वाख होऊन माझ्या पायाशी पडला. त्या बाईचं ऐकूनही ती मूठ फिरवत राहिली होती. धुळीचं ऐकून तिचा हात सुटला. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असं लोक म्हणतात. आम्ही दोरवाले त्यावर हसतो. पीळ धरून ठेवणारा हात सुटला की पीळही जातो.

ती रडली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी जरा मोकळा झालो असतो. तिने चाकाला कापड टाकलं, खड्ड्यावर गेली आणि वाखीला घरी घेऊन आली. मला म्हणाली, तुम्हीही बसा. मग तिने मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं, क्रमाने, आधी मुलाचं, मग सुईणीचं, मग दुधाचं. शेवटी म्हणाली, "मी तुझी सख्खी नाही. हे तुझे सख्खे आहेत."

माझ्याकडे बोट न दाखवता तिने हे सांगितलं. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलंय, पण एवढं कुठलं लागलं नव्हतं.

वाखी बराच वेळ ओल्या हातांवरचा गर पुसत बसली. माझ्याबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. त्या टोळीतल्या बाईबद्दलही विचारलं नाही, ते कधीतरी विचारेल आणि मला तिचं गावसुद्धा सांगता येणार नाही. तिने विचारलं ते एवढंच, "आई, मग तो कुठे आहे? ते बाळ?"

दुपारी त्या दोघी टेकडीवर गेल्या. मला चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मला जागा दाखवता आली नसती. अंधार पडायच्या आत परतल्या. दोघींचे पाय पोटरीपर्यंत धुळीने माखलेले होते. मी परात काढली, तर बायकोने ती माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई जाणार होती. बायको सकाळीच तयार झाली आणि वाखीला घेऊन निघाली. मी चार पावलं मागून गेलो. पडवीत रांग होती. तात्या नातीला कडेवर घेऊन सून आणि मुलगा यांच्याबरोबर आला होता, कारण आता त्यांच्या घराने तिघांचं द्यायचं ठरवलं होतं. नात लहान, म्हणून डॉक्टरीणबाई त्यांना वेगळं समजावत होती. आळीतले बाकीचेही होते.

बायको बाकावर बसली. माझं एकटीचं घ्या, म्हणाली. नर्सबाईंनी नवा कागद काढला. मुलं किती, या प्रश्नाला ती थोडी थांबली आणि म्हणाली, एक मुलगा, आठ दिवसांचा. नर्सबाईंनी मान वर केली आणि लिहून घेतलं. मग वाखी बसली. तिने दंड पुढे केला तेव्हा बायकोने आपल्या हातावरचा कापूस एका बोटाने दाबून धरला आणि दुसरा हात मुलीच्या पाठीवर ठेवला.

शेवटी मी. नर्सबाईंनी जुन्या कागदांवरून आमचं नातं नव्या कागदांवर उतरवलं होतं. त्या गोंधळल्या. त्यांनी पेन सख्खी या शब्दावर टेकवलं आणि विचारलं, "मग हे खोडायचं ना? मुलगी तुमची..."

 मागे तात्या उभा होता, त्याच्यामागे आळी. पडवीत माश्यांचा आवाज ऐकू येत होता. मी वाखीकडे बघितलं, ती आईचा कापूस बदलत होती.

"खोडू नका," बायको म्हणाली. ज्या आवाजात ती तीन महिन्यांपूर्वी आम्ही बरोबर तीन आहोत म्हणाली होती, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या कागदावरचं खोडा. यांच्या कागदावर राहू द्या. यांची सख्खीच आहे."

 तात्याने नातीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भिंतीकडे बघत राहिला. नर्सबाईंनी तो शब्द पुन्हा एकदा गिरवला. मग माझी बाही वर केली, दंडाला रबर बांधलं आणि शीर शोधायला लागल्या. पहिल्यांदा टोचलं, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं. या वेळी कुणी हसलं नाही. बायको आणि वाखी पडवीच्या पायऱ्या उतरून पुढे निघाल्या होत्या आणि मी मूठ आवळून बसलो होतो.